सगळी दारं उघड

२ फेब्रुवारी
पोचले एकदाची इब्रामपूरला! पेडण्याहून बस, दोन्हीकडे मोहरलेले काजू, आणि खोलीत चक्क पुण्यापेक्षा बरं इंटरनेट. लोकांच्या कॉम्प्युटरातल्या फटी शोधायच्या आणि बुजवायला सांगायच्या, हे माझं काम. ते कुठूनही होतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी चिकटवलेली टिकली बघून घरमालकीण सुमंगलाकाकी खूप हसली. उद्या शिवेवरच्या राखणदाराला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायचा म्हणाली; हा देव रात्री काठी आपटत गाव राखतो म्हणे. नव्या माणसाची त्याला ओळख करून द्यावी लागते.

३ फेब्रुवारी
सकाळीच माझ्याच धंद्यातल्या जुन्या मित्राचा, सिद्धेशचा फोटो, बंगळूरच्या परिषदेत पारितोषिक घेताना. घरगुती कॅमेऱ्यांतली ती फट मलाही सापडली होती. त्यानं आधी कळवली, एवढंच. अभिनंदन लिहिलं आणि जळून खाक झाले. नवं संशोधन म्हणे याहून मोठं आहे.

काकीचे यजमान सगुणकाका, त्यांनी राखणदारापुढे गाऱ्हाणं घातलं. शेवटी म्हणाले, तुझं काय ते मनात माग. काकी कुजबुजली, "मोजून माग गो बाये. तो अर्ध्यार सोडणा नाय."

मी मागितलं : सिद्धेशची सगळी दारं उघड.

६ फेब्रुवारी
लॅपटॉप उघडला तर पडद्यावर सिद्धेश! डिचोलीच्या त्याच्या खोलीत टाइप करतोय. मी काहीच केलेलं नाही. चोरून बघायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. बंद करायला हवं. पण त्याचं संशोधन अक्षर न् अक्षर वाचता येतंय. मेला हुशार आहे.

८ फेब्रुवारी
त्यानं कॅमेऱ्यावर पट्टी लावली. तरी दिसतोय. पाठीमागून, वरून— हा कॅमेरा नव्हेच. त्याच्या मागे कुणीतरी उभं आहे. मधूनच काठी आपटते.

९ फेब्रुवारी
त्याचा मेसेज. घरात कुणीतरी बघतंय, दारं आपोआप उघडतात, तुझ्याइतकं यातलं कुणाला कळत नाही, मदत कर. तुझ्याइतकं! हे ऐकायला किती वर्षं झुरले. उत्तर दिलं नाही. त्याच्या संशोधनाचं शेवटचं पान लिहायचं राहिलंय, ते वाचायचंय मला.

१० फेब्रुवारी
काठी खुर्चीला टेकली. सिद्धेश रडतोय. सगुणकाकांकडे धावले. गाऱ्हाणं परत घेता येत नाही म्हणाले, फक्त नाव बदलता येतं.

बदललं. माझं घातलं.

११ फेब्रुवारी
सिद्धेश लिहितो, सगळं थांबलं, शेवटचं पानही झालं. त्याचं झालं. आणि मी—

टिकली गळून पडली. फोन आपोआप उघडला. कपाट. खिडकी—

अंगणात काठी.

कडी मीच घातली होती. नीट घातली होती. ती आता—