पापणी न हलवता

१२ मार्च, मंगळवार

सकाळी पापण्या चिकटलेल्या. कोमट पाण्यानं सोडवल्या. मला पंख्याचा वारा सोसत नाही, म्हणून मुकुंद गॅलरीत झोपतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली — वेगळं झोपायला कारण मिळालं ते हे!

१४ मार्च

डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. मग सारखं पाणी का येतं? कोरडे पडलेत म्हणूनच येतं, म्हणे. दिवसातून चारदा थेंब, आणि पापण्या मिटत राहा.

पापण्या मिटत राहा! अठरा वर्षं वाळूजच्या कारखान्यात दिव्याखाली बसून इंजिनाची रबरी सीलं तपासतेय. केसाएवढी चीर सुटता कामा नये, म्हणून सील पूर्ण फिरवून होईपर्यंत पापणी हलवायची नाही, ही माझी पद्धत. शेजारच्या टेबलावरच्या सरूबाईलाही मीच शिकवली. हे काही डॉक्टरांना सांगितलं नाही.

१६ मार्च

पडेगावहून स्कूटीवर निघाले की वाऱ्यानं डोळे वाहायला लागतात. सिग्नलला एका म्हाताऱ्यानं विचारलं, घरी कोणी वारलं का. नाही म्हटलं तर त्याला पटेना.

१९ मार्च, मंगळवार

थेंब बाथरूममध्ये जाऊन टाकते. साहेबांना कळलं तर दिव्याचं टेबल जाईल, पॅकिंगला बसून खोकी चिकटवावी लागतील. पगार तेवढाच. पण टेबल सोडायचं नाही. दुसरं काहीच मला इतकं चांगलं येत नाही.

दुपारनंतर सगळं धुरकट. सरूबाई न विचारताच माझ्या ट्रेमधला अर्धा माल ओढून घेते, तपासते, खोक्यावर स्वतःचा शिक्का मारते. मीही ओढू देते.

२३ मार्च

पेपर बंद. सुई ओवायला मुकुंद. मालिका डोळे मिटून ऐकते — कथा कळायला काही अडचण येत नाही.

२८ मार्च, गुरुवार

गिऱ्हाइकाकडून एक खोकं परत आलं. आत चिरलेली सीलं. शिक्का सरूबाईचा. ट्रे तिचा होता की माझा, आता कळायला मार्ग नाही.

साहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. उद्यापासून पॅकिंगला. ती एवढंच म्हणाली, "चूक झाली साहेब." माझ्याकडे बघितलंही नाही. मी मान खाली घालून सील फिरवत राहिले. लाज वाटली. तरी उठले नाही.

२९ मार्च

झोप नाही. आज डोळ्यांमुळे नाही.

३० मार्च, शनिवार

साहेबांना सगळं सांगून टाकलं — डोळे, थेंब, ट्रे. म्हणाले, दोघीही डोळे तपासून या, मग बघू.

सरूबाई माझ्यावरच उखडली. "तुमाला कुणी सांगितलं बोलायला? म्या निभावलं असतं की." डॉक्टरकडे यायलाच तयार नव्हती. मला वाटलं, भिडेपायी. मंगळवारी येते म्हणाली एकदाची.

२ एप्रिल, मंगळवार

सरूबाईचे डोळे माझ्यापेक्षा कोरडे निघाले. पाच वर्षं त्रास आहे. टेबल जाईल म्हणून तिनं कधी थेंबसुद्धा घातला नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, मग माझा माल कशाला ओढून घेत होतीस?

"कसं झोंबतं ते मला म्हाईत हाय ना, ताई."