दरीकरांच्या हातचे पाणी

प्रिय प्रज्ञा,

काय सिद्ध करायचे आहे ते आधी सांगावे, मग तोंड उघडावे, हे मीच तुला शिकवले. म्हणून साध्य आधी मांडते. तू रचलेले दरीकर जन्माने दुष्ट नाहीत, आणि तू गेलीस एवढ्या कारणाने त्यांना दुष्ट ठरवण्याचा अधिकार कोणालाही मिळालेला नाही. मृतांना पत्र लिहिणे मला तत्त्वतः मान्य नाही, हे तू जाणतेस. तरीही लिहिते आहे, कारण काल रविवारी हे विधान माझ्याच जेवणाच्या टेबलावर नाकारले गेले, आणि पुढे काय झाले ते ऐकण्याचा पहिला हक्क तुझा आहे.

तो खेळ मला कधी आवडला नाही. पुण्याहून शिकून परतलीस, इथे बालाघाटच्या शाळेत चित्रकला शिकवू लागलीस, आणि दर रविवारी दुपारी माझे टेबल अडवू लागलीस. बहुकोनी फासे, चार्टपेपरवर रंगवलेला नकाशा, आणि भोवती तिशीतली, कमावती माणसे! एकाने जग सांगायचे, बाकीच्यांनी त्या जगातली माणसे होऊन बोलायचे, आणि जे बोलून ठरत नाही ते फाशावर सोडायचे. मी आतल्या खोलीत वाचत बसे आणि दार लावत नसे. का लावत नसे, हे तू एकदाही विचारले नाहीस. विचारायला हवे होते.

खेळाचे छापील पुस्तक परदेशातले. त्यात माणसांखेरीज इतर जमाती, आणि प्रत्येक जमातीचा स्वभाव आधीच ठरवून दिलेला. बुटके लोक खाणीत राहतात, म्हणून लोभी. लांब कानांचे लोक शेकडो वर्षे जगतात, म्हणून शहाणे. दरीतले लोक राखाडी आणि सुळेवाले, म्हणून क्रूर आणि मंद. "हे 'म्हणून' कुठून आलं, आत्या?" असे तू विचारलेस. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी संपली, पण इतका नेमका प्रश्न वर्गात मला क्वचितच कोणी विचारला.

मग तू ते सारे लोक पुन्हा घडवायला घेतलेस. दीर्घायुषींचे काय केलेस, आठवते? हे शहाणे लोक कोण, असे मी स्वयंपाकघरातून विचारले, तर म्हणालीस, "हे म्हणजे शेताच्या धुऱ्याच्या भांडणातले वादी, आत्या. मरतबी नाहीत अन् केसबी सोडत नाहीत." मी तुझ्यासमोर हसले नाही. पाठ वळवून हसले.

बुटक्यांचे तू खाणकरी केलेस, आणि त्यात मुकेशचा वाटा होता. तुमच्यात खेळणारा मुकेश भरवेलीच्या खाण-कॉलनीतला. स्वतः मोटारसायकली दुरुस्त करतो, वडील मँगनीजच्या खाणीत राबले. बुटके लोभी असतात हे वाचून तो मला उद्देशून म्हणाला होता, "मेरे बाप ने ज़िंदगीभर पत्थर निकाला, बुआजी. घर में एक अंगूठी नहीं आई. लालच किसका था?" त्यानंतर तुमच्या जगात खाणकऱ्यांचा तळहात काळा झाला, कितीही धुतला तरी न उजळणारा, आणि लग्न ठरवताना दोन्हीकडची मंडळी आधी तो तळहात पाहू लागली. पांढरा असेल तर सोयरिक नाही! परदेशी पुस्तकाला इतके साधे सुचले नव्हते.

दरीकर मात्र तू कोठून आणलेस, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. लहानपणी आमच्या गावी आम्हाला पाणी मिळे ते वरून, ओंजळीत. भांडे आमच्या हाताला लागता कामा नये. हे मी तुला एकदाच सांगितले होते, आणि शक्य तितक्या कोरडेपणाने. तू त्याचा नियम केलास. ज्या लोकांच्या घरी बसून, त्यांच्या हातचे पाणी तुम्ही प्यायला नाहीत, त्यांच्यावर शस्त्र उपसता येणार नाही. फासासुद्धा टाकता येणार नाही.

मी आक्षेप घेतला होता. नियमाने लढाई थांबेल, पण ते लोक दुष्ट आहेत हे विधान त्याने खोटे ठरत नाही. तू नकाशावर निळा रंग भरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "थांबू तर दे पह्यले. खोटं ठरवायले तू आहेसच न."

पावसाळ्यातला तो ताप तू अंगावर काढलास, कारण शाळेचे चित्रप्रदर्शन जवळ आले होते. प्रज्ञा, हा कोणता युक्तिवाद होता? त्या प्रदर्शनाला तुझी गरज अधिक होती की आम्हाला? याचे उत्तर तू दिले नाहीस आणि आता देणार नाहीस. मी मात्र हा प्रश्न मागे घेणार नाही.

टेबल कित्येक महिने रिकामे राहिले. मग मुकेश आणि शालू दारात आले. तिरोडीची शालू, दवाखान्यात नर्स आहे ती; तुमच्या खेळात जखमा बांधणारी वैद्य होते. खेळ पुन्हा मांडू का, असे त्यांनी विचारले. मी टेबल पुसून दिले. जग सांगण्यासाठी तुझ्या खुर्चीत मुकेश बसला.

काल त्याने छापील पुस्तक उघडले आणि जाहीर केले की यापुढे दरीकर पुस्तकातल्यासारखे, जन्मतः क्रूर, आणि पाण्याचा नियम बंद. कारण असे दिले की शत्रू नसेल तर खेळात मजा नाही. मी वाचायचे सोडून बाहेर आले.

जन्माने क्रूर म्हणजे काय, असे मी त्याला विचारले. दरीकराला दुसरे काही करताच येत नसेल, तर तो क्रूर नव्हे. वैनगंगेला पूर येतो आणि शेते जातात, म्हणून आपण नदीला क्रूर म्हणत नाही. आणि त्याला दुसरे काही करता येत असेल, तर त्याचे क्रौर्य त्याने निवडलेले आहे. मग ते जन्माचे कसे? दोहोंपैकी एक पक्ष घे, म्हटले. त्याने पुस्तकाचे पान उलटले. मग मी दृष्टांत दिला: खाणीत राहणारे लोभी, हे ज्या पुस्तकाचे म्हणणे तू धुडकावलेस, त्याच पुस्तकाचे दरीतल्या लोकांबद्दलचे म्हणणे खरे कसे मानतोस? तुझ्या वडिलांना एक न्याय आणि दरीकरांना दुसरा?

"गेम है, बुआजी," तो पुस्तकात पाहत म्हणाला. "असली थोड़ी है."

रीत आहे, मनावर घेऊ नका, असे आम्हालाही सांगत, मी म्हटले. आम्ही मनावर घेतले, म्हणून आज मी या टेबलाशी उभी आहे.

त्याने खेळ पुढे रेटला. तुमची टोळी दरीत उतरते आहे, दरीकर चाल करून येत आहेत, शालूने फासा टाकावा. शालूने फासा मुठीत धरला आणि टाकला नाही.

"मी अजून पाणी नाही पेलं," ती म्हणाली.

"पानी देगा कौन? वो लोग अब बोलते नहीं."

तेव्हा मी खुर्ची ओढली आणि बसले. होय, त्या खेळाला! दरीतली म्हातारी मी आहे, असे मुकेशला सांगितले. स्वयंपाकघरातून पाण्याचा गडू आणला आणि शालूसमोर धरला. बोलायला तोंड उघडले, तर वर्गातली भाषा आलीच नाही. लहानपणी सोडलेली आली. "बस बाई. गडू हाती घे. वरून नाही ओतत मी कोणाले."

शालू गडू तोंडाला लावून पाणी प्यायली. दरीत कोणी कोणाला मारले नाही.

मुकेश उठून बाहेर गेला. तो हरला, असे मला वाटले, आणि लपवत नाही, समाधानही वाटले. उरलेला एक मुद्दा त्याला ऐकवावा म्हणून मी मागोमाग गेले. तो आपल्या मोटारसायकलपाशी उभा होता. माझ्याकडे न पाहता बोलला.

"दीदी बोलती थी तो वो लोग सच्ची के लगते थे. मैंने घर में कितनी बार कोशिश की, बुआजी. मेरे मुँह से उनकी आवाज़ ही नहीं निकलती. तो सोचा, लड़ाई रखवा दूँ. लड़ाई में बोलना नहीं पड़ता."

माझा उरलेला मुद्दा मी मांडला नाही. चहा पिऊन जा, म्हटले. तो आत आला.

विधान सिद्ध झाले आहे, आणि त्यातला एक शब्दही मी सोडणार नाही. माझ्या घरात माझे टेबल आहे तोवर दरीकर तू घडवलेस तसेच राहतील. पुस्तक काय म्हणते याने फरक पडणार नाही, खुर्चीत कोण बसले आहे यानेही नाही. ज्याला त्यांच्यावर फासा टाकायचा असेल, त्याने आधी त्यांच्या हातचे पाणी प्यावे. आणि मुकेशच्या तोंडी त्यांचा आवाज येईपर्यंत म्हातारी, तिची सून, गावचा कोतवाल, जो कोणी दारात येईल त्याच्या वतीने मी बोलेन. हे वचन आहे.

चूक एकच झाली, ती सहीनिशी मान्य करते. समोरचा माणूस शोक करत होता. मी त्याला पूर्वपक्ष समजून खोडत बसले.

तुझी,
शांताआत्या
बालाघाट