तीन नंबरची गाडी, पुढचे टायर, आठ मिलिमीटर

३ जून, सोमवार
कंबरेपायी स्टेअरिंग सुटलं, गॅरेज सुटलं नाही. आजपासून मी टायर सुपरवायझर. गाड्या पाच, टायर पन्नास, माणूस एक. मालक म्हणाले, तीन नंबरचे पुढचे दोन टायर लाख किलोमीटर चालवून दाखवा, तुम्हाला कायम करतो. नाहीतर घरी आराम करा.

गेला महिना आरामच केला. बायकोने घरातले सगळे डबे पुसून घेतले, मग झाकणांवर चिठ्ठ्या लावून घेतल्या, मग चिठ्ठ्या तिरक्या आहेत म्हणून परत काढायला लावल्या. पुन्हा नको.

तीन नंबर आमचे जावई चालवतात. टायर बावन्न हजार चाललेत. नवे असताना सोळा मिलिमीटर खोल नक्षी, आता आठ. निम्मी नक्षी, निम्मं अंतर. तीनच्या खाली गेला की टायर बदलायचा असा नियम आहे. त्याचं पुढे बघू.

१० जून, सोमवार
नवा गेज मिळाला. पितळी सळी टायरच्या खाचेत दाबायची, टेकेपर्यंत जितकी बाहेर येईल तितकी नक्षी. टोकाला माती आणि रबर चिकटतं. घाण टोक, खोटा आकडा. निश्चय: प्रत्येक टायरनंतर टोक पॉलिश पेपरवर घासायचं. रोज. पन्नासच्या पन्नास. शिस्त म्हणजे शिस्त.

२४ जून, सोमवार
ड्रायव्हर लोकांना भाषण दिलं. टायर मरतो ओझ्याने, कमी हवेने आणि ड्रायव्हरच्या उजव्या पायाने. चौघांनी उभ्याने ऐकलं, एकाने आडवं पडून.

जावई नंतर हळूच म्हणाले, मामा, डावा टायर आतून झिजतोय, अलाइनमेंट करून घेऊ. मी गाडीसमोर उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं. चाकं सरळ आहेत. तसं त्यांना सांगितलं.

माप: साडेसात. तीन आठवड्यांत अर्धा गेला! जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, डाळीचा डबा कुठे ठेवलाय, चिठ्ठी सापडत नाही. अंगावर काटा आला.

१५ जुलै, सोमवार
साडेसात. म्हणजे हललाच नाही! झीज थांबली. शिस्तीचं फळ.

तक्रार: नोंदवहीत माझ्या आकड्यांशेजारी कुणीतरी पेन्सिलीने बारीक आकडे लिहायला लागलंय. चहाचे कप मोजत असावेत. वही म्हणजे काय टपरी आहे का?

१२ ऑगस्ट, सोमवार
पाच नंबरची गाडी इंजिन उतरवून जूनपासून जागेवर उभी. तिची नक्षी अकरा होती. आज तेरा. तीनदा मापलं, दर वेळी टोक घासून. तेरा!

आराम केला की रबर भरून येतं. झाडातून येतं शेवटी, भरून येणारच. आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? निश्चय: तीन नंबर दर रविवारी सावलीत, जॅकवर.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, मग महिनाभर आराम करून तुमची कंबर का भरून आली नाही. तिला टेक्निकल गोष्टी सांगायच्याच नाहीत.

२ सप्टेंबर, सोमवार
बहात्तर हजार झाले. माप आठ. वाढतंय!

जावई म्हणाले, मामा, खाच बोटाला उथळ लागते. मी विचारलं, बोट खरं की गेज? मान डोलावून गाडी पुसायला गेले. गुणी माणूस. मग लेकीचा फोन. बाबा, नीट बघा, त्या टायरांवर माझा नवरा बसतो, म्हणाली. भयंकर राग आला. सव्वीस वर्षं गाडी हाकली मी, मला शिकवते? घरी निघालो. रस्त्यात राग गेला आणि भीतीच वाटायला लागली. अर्ध्यातून परत फिरलो, टोक घासलं, पुन्हा मापलं. आठ. जीव भांड्यात पडला.

७ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी ९
ऐंशी हजार. माप आठ! उरलेले वीस हजार हा हा म्हणता होतील. पाच नंबर तर पंधरावर गेली, अजून महिनाभर उभी राहिली की नवीकोरी. जावई लोड भरायला निघाले, तिथून घाट. मालकांनी केबिनमध्ये बोलावलंय. इस्त्रीचा शर्ट घातला.

११ वाजता
मालकांच्या टेबलावर काच आहे. गेज कसा चालतो ते दाखवायला मी तो काचेवर धरला आणि सळी दाबली. चार. गुळगुळीत काचेला चार मिलिमीटर नक्षी! पुन्हा दाबली. चार.

चार महिने मी टोक घासत होतो. सळी चार मिलिमीटर आखूड झाली. म्हणजे आठ म्हणजे चार. डाव्याच्या आतल्या कडेला तर दोनही नसतील. आणि जावई घाटात.

मालकांना म्हणालो, मला कायम करू नका, हाकला, पण तीन नंबर थांबवा. ते म्हणाले, आधी बसा, ऐका तरी. ऐकायला कुठला थांबतोय. बाहेर पळालो. कंबर लचकली.

११.२०
फोन उचलत नाहीत.

११.३५
उचलत नाहीत. लेकीला काय सांगू? तिने सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं. मीच शहाणा.

११.५०
उचलत नाहीत. देवा, मी जन्मभर डबे पुसतो.

१२.१०
उचलला! जावई टायरच्या दुकानात. फोन गाडीत राहिला होता. पुढचे दोन्ही टायर नवे घातले, अलाइनमेंट चालू आहे, मग लोड. मालकांनी शनिवारीच परवानगी दिली होती. ते मला तेच सांगत होते. मी पायरीवर बसून रडलो.

८ ऑक्टोबर, मंगळवार
पेन्सिलीचे आकडे चहाचे नव्हते. जावयांचे होते. उभ्या गाडीचा टायर जितका वाढेल, तितकं माझ्या आकड्यातून वजा करायचं, अशी त्यांनी युक्ती काढली. जुलैपासून अख्खं गॅरेज वजा करतंय. मालकसुद्धा. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? जावई म्हणाले, मामा, तुम्ही इतक्या मनापासून घासत होता.

लाख झाले नाहीत, त्यामुळे कायम नाही. पण मालक म्हणाले, सोमवारी येत जा, वजा करायला कुणाचा तरी आकडा लागतोच.

काल फोन लागेपर्यंत गेज हातात होता आणि पॉलिश पेपर खिशात. नुसतं बसवेना. आज काचेवर ठेवून पाहिलं. साडेचार.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: यापुढे साडेचार वजा करावेत.