आरशावरचे गुलाब

प्रिय आई,

हे पाकीट हातात पडलं की मावशी ते उलटंसुलटं करून बघेल आणि म्हणेल, "पोरगी पदवीधर काय झाली, लगेच टपालाने बोलायला लागली!" तिला म्हणावं, तुझी बहीण व्हिडिओ कॉल उचलत नाही, आणि साध्या फोनवर "जेवलीस का, बाबा जेवले का" याच्यापुढे आमचं बोलणं सरकत नाही. मी "घरी कधी येतेस" असं विचारलं की तू "बघू" म्हणतेस आणि फोन मावशीच्या हातात जातो. मग ती मला खडवलीच्या नदीला पाणी किती आलंय ते सांगत बसते. मला नदीचं नाही गं ऐकायचं. म्हणून लिहायला बसले.

आधी घरची खबर. दारातली कोरफड तेलाच्या डब्याबाहेर ओसंडलीय. अख्खी चाळ येता जाता तिचं पान मोडून नेते, कोणी भाजलं म्हणून, कोणी केसांना म्हणून. मी कोणाला अडवत नाही, कारण तूही कधी अडवलं नाहीस. बाबा फॅक्टरीतून आले की पहिलं तिला पाणी घालतात, नंतर स्वतः पितात. आमटी आता बऱ्यापैकी करतात. फक्त मीठ टाकल्याचं विसरतात आणि परत टाकतात.

तुझ्या कोपऱ्यातली खुर्ची तिथेच आहे. खरं सांगू, लहानपणी मला त्या कोपऱ्याची थोडी लाज वाटायची. बाकीच्यांच्या घरात शिरलं की टीव्ही दिसायचा. आपल्याकडे शिरलं की कपाटाच्या आरशासमोर तोंडाला लेप लावून बसलेली कोणाची तरी काकू दिसायची. लेप वाळेपर्यंत हसायचं नाही हा तुझा नियम, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी बोलून हसवायचं हा तुझा धंदा. गंगुबाईंच्या लेपाला तडा गेला नाही असा एकही रविवार मला आठवत नाही. समोरच्या खोलीतून त्या भांडणच काढून यायच्या, "वासंते, मागच्या वेळी मला भुतासारखी करून पाठवलीस," आणि तासाभराने गालावरून हात फिरवत जायच्या.

मग मी कॉलेजला गेले, चार पुस्तकं वाचली आणि तुझ्याशीच भांडायला लागले. दारावरच्या पुठ्ठ्यावर तू 'गोरेपणाचा लेप' लिहिलं होतंस. मी म्हटलं, आई, हे चूक आहे. विहारात रविवारी मी मुलींना सांगते की आपल्या रंगाची लाज बाळगायची नाही, आणि माझ्याच दारावर ही पाटी? तू मसूर वाटत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "बदल की मग. अक्षर तुझं चांगलंय." मी मोठ्या आवेशाने 'मसूरडाळीचा लेप' असं नवीन लिहिलं. एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही, तेव्हा मला जरा रागच आला. तू हसलीस आणि म्हणालीस, "अगं, गोरं कोणाला व्हायचंय? दिवसभर सगळ्यांचं करून दमलेल्या बायका त्या. कोणीतरी थोडा वेळ त्यांच्या तोंडावरून हात फिरवावा, एवढंच त्यांना हवं असतं." हे वाक्य मी विहारातल्या मुलींना सांगितलं. तुझं म्हणूनच सांगितलं.

तू नसताना हेमांगीने माझ्या मागे लकडा लावला. पुढच्या गल्लीतली हेमांगी, तुझी ती आवडती बोलकी पोरगी. तिच्या ऑफिसात कसलासा कार्यक्रम होता. "आईचा लेप तू कर, बघून बघून येत असेल तुला." मी डाळ भिजवली, वाटली, दूध घातलं, गुलाबपाणी घातलं, आणि आंबेहळदीचा डबा सापडेना म्हणून फोडणीची हळद घातली. घसघशीत! तू आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतेस, तेही विसरले. आई, पोरगी झेंडूसारखी पिवळी झाली. धुतलं, दही लावलं, बेसन लावलं, काही केल्या उतरेना. तशीच ऑफिसला गेली, तर सगळे म्हणाले, "हळद कालच लागली वाटतं? आणि आम्हाला बोलावलं पण नाहीस!" एकाने तर आहेराचं पाकीट दिलं. आता ती येता जाता मला ऐकवते, "पार्लरवालीची मुलगी ना गं तू? आधी स्वतःचं तोंड बघ आरशात." माझ्या तोंडाचं काय ते शेवटी लिहिते.

आता आरशाचं लिहायला हवं. इतका वेळ त्याच्याच आजूबाजूला फिरतेय.

आई, तू हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधी बाबांनी रजा काढली होती, ती कशासाठी हे तुला कोणीच सांगितलं नाही. केमोच्या वेळी एकदा तू पर्समधला छोटा आरसा मागितलास, उघडलास आणि लगेच मिटलास. केस गेले तेव्हा तू ओढणी बांधून मोकळी झाली होतीस. पण त्या दिवशी भुवया पण गेल्या होत्या. अख्ख्या चाळीच्या भुवया करणारी तू. तू फक्त "ठेव आत" म्हणालीस. बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी ते बघितलं आणि मनात धरून ठेवलं.

मग ते डोंबिवली स्टेशनजवळच्या बाजारात गेले आणि चिकटवायच्या कागदाचा गुंडाळा घेऊन आले. लाल गुलाबांचा, हिरव्या पानांचा. घरात कधी खिळा न ठोकलेला माणूस, आई, पट्टी घेऊन बसला होता. कागद आरशाच्या मापाने कापला, एका बाजूने हळूहळू सोडत, ओढणीचा बोळा फिरवत फिरवत लावला. एक बुडबुडा राहू दिला नाही. मोरीवरचा आरसाही काढून माळ्यावर टाकला. मी संध्याकाळी घरी आले तर कपाटाजवळ उभे राहून विचारतात, "कसं वाटतंय? तिला त्रास नको गं." मी म्हटलं, छान झालंय बाबा. मला खरंच छान वाटलं होतं. घर सजवल्यासारखं दिसत होतं.

तू आलीस. चप्पल काढलीस, कोरफडीला हात लावलास, आत आलीस आणि कपाटासमोर उभी राहिलीस. गुलाबांवरून बोट फिरवलंस. "सफाईने लावलंय," म्हणालीस. बाबा लहान मुलासारखे खूश झाले. आणि दुपारी भात कालवता कालवता तू म्हणालीस, "मी जरा ताईकडे जाऊन येते खडवलीला. तिकडे हवा बरी आहे." ते 'जरा' अजून संपलं नाही.

आम्हाला वाटलं, चाळीतल्या बायका बघायला येतील, विचारतील, ते तुला नको असेल. बाबांना वाटलं, त्यांच्या हातच्या आमटीला कंटाळलीस. शेवटी मागच्या आठवड्यात मावशी मला फोनवर हळूच म्हणाली, तू नदीवर गेली होतीस तेव्हा, "तिला घरी यायचंय गं पोरी. पण ती म्हणते, माझ्याच घरात माझं तोंड झाकून ठेवलंय. नवऱ्यालाच बघवत नाही, तर मी कशाला जाऊ?"

मी फोन ठेवला आणि तसंच बाबांना सांगितलं. लपवलं नाही. तुला राग येईल का? पण आपल्या घरात सगळे एकमेकांना जपायला जातात आणि कोणी कोणाला विचारत नाही. बाबांनी ताट सरकवलं, हात धुतले आणि कपाटासमोर जाऊन बसले. नखाने कागदाचा एक कोपरा उकलायला लागले. इतकं छान चिकटवलं होतं ना, ते निघेना. फाटून तुकडे यायला लागले आणि खाली गोंद तसाच. मग मान वर न करता मला विचारलं, "नवीन भांड्यांवरचं किमतीचं स्टिकर ती कशाने काढायची गं?"

मला आठवलं. खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून थापायचं, जरा वेळ सोडायचं आणि जुन्या सुती फडक्याने गोल गोल पुसायचं. घासायचं नाही, भांड्याला चरे पडतात. तुझ्या त्या रीतीने आम्ही दोघं बसलो. बाबा लेप लावतात तसे आरशाला तेल-सोडा थापत होते आणि मी पुसत होते. मी म्हटलं, बाबा, आता वाळेपर्यंत हसायचं नाही. ते हसलेच नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मला तिला बघवत नाही असं कसं वाटलं तिला? मी तर तिने स्वतःला बघू नये म्हणून..." मग फडकं माझ्या हातातून घेतलं आणि राहिलेला आरसा एकट्यानेच पुसला.

आता मोरीवरचा आरसा परत जागेवर आहे आणि कपाटाचा मोकळा आहे. खालच्या कोपऱ्यात एक गुलाब राहिलाय. तो काही केल्या निघत नाही. मी म्हटलं, रॉकेल लावून बघू, बाबा म्हणाले, "राहू दे. तिला काढायचा असेल तर ती काढेल."

मोकळा आरसा फार उघडाबोडका दिसायला लागला, म्हणून मी त्याला चौकट केली. वर्तमानपत्राच्या सुरनळ्या करून, खळ लावून, त्यावर जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून बसवल्यात. माझ्या बांगड्या संपल्या तेव्हा हेमांगीने तिच्या दिल्या, "माझं तोंड पिवळं केलंस तरी घे." मग गंगुबाईंना कळलं. त्या दारात येऊन एक भलीमोठी लाखेची बांगडी देऊन गेल्या आणि वर म्हणाल्या, "वासंतीला सांग, माझ्या मिशा वाढल्यात. आजारी पडायचं होतं तर माणसाने आधी सांगून पडावं." आणि जाता जाता वळून, अगदी वेगळ्या आवाजात, "केस नसले तर नसू देत म्हणावं. हात आहेत ना?" तुझी चाळ अशी आहे बघ. त्या बघायला येतील, विचारतील, नको तेही बोलतील. पण त्या तुझ्या हाताखाली डोळे मिटून बसलेल्या बायका आहेत. त्यांची तोंडं तू लेप नसतानाही बघितलीस आणि लेप असतानाही. कधी कोणाबद्दल कोणाला सांगितलं नाहीस.

मावशी म्हणते, तुझ्या भुवया आता उगवायला लागल्यात. "चिमणीच्या पिल्लाच्या अंगावर येते ना, तशी लव." डॉक्टरांनी सांगितलंच होतं, येतील म्हणून. मला बघायच्यात. फोनवर नाही, आरशात, माझ्या शेजारी.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते. येत्या रविवारी कॉलेजात पदवीदान आहे. काळा झगा घालून नाव पुकारल्यावर स्टेजवर जायचं. आईवडिलांनाही बोलावलंय. बाबांनी पांढरा शर्ट आत्तापासून इस्त्री करून ठेवलाय, आणि रोज एकदा काढून बघतात. मी फोनवर सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "तुम्ही दोघं जा, माझं काय काम?" तर आई, सभागृहात यायचं नसेल तर नको येऊस. मी रुसणार नाही. पण तू आजारी पडलीस तेव्हापासून मी माझ्या भुवयांना कोणाचा हात लागू दिलेला नाही. पार जंगल झालंय. विहारातल्या मुलींना वाटतं, हेसुद्धा माझं एखादं तत्त्व असेल. हेमांगी म्हणते, झगा घालून असं तोंड घेऊन गेलीस तर डिग्री परत घेतील. मला दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही. शनिवारी बाबा तुला न्यायला येतील. मी सांगितलं नव्हतं, तेच म्हणाले. दोऱ्याचं रीळ तुझ्या डब्यात जसंच्या तसं आहे. खुर्ची आरशासमोर ठेवलीय, आणि या वेळी आंबेहळद नीट बघून आणलीय, तुझ्यासाठी. आधी तू माझ्या भुवया कर, मग तू खुर्चीत बस आणि मी तुझ्या तोंडावरून हात फिरवते. तू दोरा दातात धर, आई. कपाळ मी ताणून धरीन, अगदी तू शिकवलंस तसं, आणि दुखलं तरी हलणार नाही.

मावशीला जय भीम.

जंगल वाढवून वाट बघणारी,
तुझीच
मृणाल