चूक माझीच निघावी

१२ जानेवारी
हवाबीची नोटीस आली. रजिस्टर पोस्टानं. कशेळ्याच्या तिच्या घराची बाल्कनी खाली झुकली आहे. नकाशे माझे, म्हणून जबाबदार मी. कोरडी भाषा. इतकी वर्षं मला भाई म्हणणारी बाई!
दिवाळीनंतर तिनं फोनवर भेगेचं सांगितलं होतं. प्लास्टरची असेल, म्हणालो. बघायला गेलो नाही.
बाल्कनीखाली तिचं किराणा दुकान. गिऱ्हाईक तिथेच उभं राहतं.

१३ जानेवारी
विमा कंपनीला कळवलं. आर्किटेक्टच्या चुकीनं कुणाचं नुकसान झालं, तर ते कंपनी भरून देते. हप्ता विमल आठवणीनं भरते; मी नवरा म्हणून फक्त कुरकुरतो. फोनवरच्या मुलीनं बजावलं — चूक कबूल करायची नाही. काही देतो म्हणायचं नाही. शक्यतो बोलूच नका, सर.
म्हणजे हवाबीकडे जाऊन साधं ‘वाईट वाटलं’ म्हणणंही बंद.

१९ जानेवारी
बाल्कनीला टेकू लागले. दुकान बंद. टेकू सुलेमाननं लावले, बांधकामही त्याचंच होतं. आज कर्जतच्या बाजारात गाठ पडली.
“काय साहेब, तोंडाला कुलूप?”
मी हसलो.
“आता समदे म्हनतील, सुलेमाननं सळी खाल्ली. मी काय उंदीर हाय?”
त्याच्या पिशवीकडे बघत राहिलो.

२५ जानेवारी
सळी कमी निघाली तर मी सुटतो. सुलेमान अडकतो. त्याचा विमा नाही, द्यायला पैसा नाही. आणि माझी चूक नसेल तर कंपनी हवाबीला काहीच देणार नाही. बाल्कनी टेकूंवर, दुकान बंदच.
माझी चूक निघाली तरच ते घर दुरुस्त होतं.
विमलला सांगितलं. “मग माग देवाकडे,” म्हणाली. “मला नापास कर म्हणावं.”

२६ जानेवारी
मागितलं.

२ फेब्रुवारी
कंपनीच्या सर्व्हेअरला घेऊन कशेळ्याला गेलो. हवाबी दारात. मी नमस्कार केला. पुढे गप्प.
“देवव्रतभाई, चाय तरी पिनार, का कंपनीला इचारून सांगनार?”
“अम्मी, गप गं,” तिची मुलगी फिझा म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना. चहा प्यायलो. सर्व्हेअरही प्यायला.
मग बाल्कनीचं वरचं काँक्रीट जागोजागी फोडून सळ्या पाहिल्या. माझ्या ड्रॉइंगमध्ये होत्या तशाच, तेवढ्याच. सुलेमान रस्त्यापलीकडे पाठ करून उभा होता. सर्व्हेअरनं हाक मारून त्याला सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली आणि तिथेच पायरीवर बसला.
मला आनंद झाला! तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून सर्व्हेअरची टेप गुंडाळत बसलो.

३ फेब्रुवारी
ऑफिसात फाइल काढली. हवाबीला वाळवणं घालायला बाल्कनी रुंद हवी होती. मी प्लॅन बदलला. सळ्यांचं ड्रॉइंग बदलायचं राहिलं. साइटवर जुनंच गेलं. रुंद बाल्कनी, अरुंद बाल्कनीच्या सळ्या. इतकं साधं.
दोन्ही कागद सर्व्हेअरला पाठवले.

६ मार्च
मंजूर! चूक डिझाइनची. दुरुस्तीचा खर्च कंपनी देणार.
विमलनं पेढे आणले. नापास झाल्याचे.

७ मार्च
बोलायला परवानगी. सकाळीच कशेळे. चूक माझी, म्हणालो. किती दिवस तोंडात धरलेलं वाक्य — बाहेर आलं तेव्हा फार लहान वाटलं.
“आमी काय तुमच्यावर रागावलो व्हतो?” हवाबी म्हणाली. “नोटीस कंपनीसाठी व्हती. तुमीच रुसल्यावानी गप बसलात.”
सुलेमान म्हणाला, “आता नवा नकाशा द्या साहेब. नवा म्हंजे नवाच.”
परतताना गाडीत शीळ घालत होतो.

८ मार्च
हवाबीला असली नोटीस सुचली कशी, म्हणून विमलला विचारलं. ती मेथी निवडत होती.
“मी लिहून दिली. डिसेंबरात जाऊन बाल्कनी बघून आले होते. तू प्लास्टर, प्लास्टर म्हणत बसला असतास, आणि खाली लोक उभे राहिले असते.”