कमान काचेतच राहील

२ ऑक्टोबर २००६, दसरा. संध्याकाळ.
झालं! नेरमध्ये संग्रहालय झालं. बंद पडलेल्या काटाघरात, जिथे कापसाच्या गाड्या मोजत. नाव : कापूस व कष्टकरी लोकसंग्रहालय. संस्थापक, अध्यक्ष, वक्ता : मी.
दसरा म्हणून गावातली अवजारं पूजेला मागवली होती, तीन दिवसांच्या बोलीवर. भाषण वीस मिनिटांचं ठरवलेलं, एक तास पन्नास मिनिटं झालं. विषयच तसा. कापसाला भाव नाही, आणि ज्यांनी तो वेचला, पिंजला त्यांच्या नावाची एक खोली नाही! टाळ्या. त्या भरात जाहीर केलं की ही अवजारं आजपासून जनतेची. पुन्हा टाळ्या.
भाषण संपेपर्यंत लोहार घण घेऊन गेला होता, सुतार रंधा. वखरही दिसेना. जनता अजून तयार नाही.
शिल्लक : शब्बीर पिंजाऱ्याची कापूस पिंजायची कमान. पुरुषभर लांब, आतड्याची तात, म्हणजे दोरी, ताणलेली. ती भाषणाआधीच काचेच्या कपाटात ठेवली होती, किल्ली माझ्या खिशात. दूरदृष्टी, दुसरं काय.

५ ऑक्टोबर
पाटी स्वतः रंगवली. ‘पिंजाऱ्याची कमान. हा धंदा आता नामशेष झाला आहे.’ अक्षर देखणं आलंय.
हजेरी रजिस्टर सुरू. उपस्थिती : एक. अमिनाबी, शब्बीरची आई. म्हणाल्या, तीन दिवस झाले, कमान द्या. मी संग्रहालयाची भूमिका समजावली, चाळीस मिनिटं. उभ्यानं ऐकलं सगळं. मग म्हणाल्या, भाऊ, ते समदं ठीक हाय, पन कमान कवा देता?
चिकाटी आवडली. रजिस्टरात अंगठा घेतला.

१२ ऑक्टोबर
जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना पाहणीचं निमंत्रण धाडलं. ते येईपर्यंत एकही वस्तू हलणार नाही, असा ठराव पास. समितीत मी आणि अश्वजित मास्तर. मतं एकास एक, पण अध्यक्षाचं जादा मत असतं.
मास्तर तापले. जित्या मानसाचं अवजार काहून डांबून ठेवलं भाऊ? तुमचा नामशेष तर भायेर पायरीवर बिडी ओढून राह्यला!
डोकावून पाहिलं. शब्बीर होता खरा. पण एका माणसाला धंदा म्हणत नाहीत. त्याचीही सही घेतली. सकाळचा अमिनाबींचा अंगठा धरून उपस्थिती : दोन. उच्चांक!

१ नोव्हेंबर
दिवाळी गेली, ईद गेली, गारठा सुटला. अमिनाबी सहाव्यांदा. गाद्या-रजया भरायचा मोसम संक्रांतीपर्यंतच, म्हणाल्या. ह्या अडीच महिन्यांत बारा महिन्यांची भाकर हाय भाऊ.
काय वाक्य! तिथल्या तिथे टिपून घेतलं. यवतमाळच्या सभेत वापरणार, असं त्यांना सांगितलंही. म्हणाल्या, वापरा, पन कमान द्या.
संकल्प : यापुढे कमी बोलायचं. जास्त ऐकायचं.

९ नोव्हेंबर
शब्बीरचा प्रस्ताव : दिवसा नेतो, दिवेलागणीला कपाटात आणून ठेवतो. हसू आलं. त्याला समजावलं की वस्तूला एकदा क्रमांक पडला की ती कामाला जात नाही. कमानीचा क्रमांक १ आहे. (क्रमांक २ अजून मिळालेला नाही.)

१९ नोव्हेंबर
यवतमाळची सभा जिंकली! ‘बारा महिन्यांची भाकर’ म्हटलं आणि पहिल्या रांगेत डोळ्यांना पदर लागले. शाल, श्रीफळ.
परतलो तर नेरच्या स्टँडवर शब्बीर. नवी कमान करून घ्याले अमरावतीले गेलतो, म्हणाला. करनारा म्हातारा मेला. पोरानं मोबाईलचं दुकान टाकलं.
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, बघ, मी पाटीवर तेच लिहिलंय.
खांदा सोडवून तो बिडी पेटवायला गेला. पटलं असावं.

१४ डिसेंबर
कपाटात उंदीर शिरला. तात खाल्ली. मास्तरांनी राजीनामा दिला. तात नसलेली कमान अधिक बोलकी वाटते, हे माझं मत त्यांनी ऐकूनही घेतलं नाही.
घरी वेगळंच. वैष्णवी म्हणते, आपली गादी पार दगड झाली, शब्बीरले बोलवा पिंजाले. अध्यक्षाच्या बायकोला एवढं कळू नये? तत्त्वासाठी पाठ दुखली तरी चालेल.
पाठ फार दुखते.

३ जानेवारी २००७
साहेबांची गाडी काटाघरासमोर थांबली! हार घेऊन धावलो. ड्रायव्हरनं काच खाली करून पांढरकवड्याचा रस्ता विचारला. रस्ता सांगता सांगता मी संग्रहालयाची भूमिका मांडायला घेतली. काच वर गेली.
पाहणी झाली, अशी नोंद केली. बाहेरून.

१५ जानेवारी, संक्रांत
अमिनाबी आल्या. हातात तातीवर मारायचा लाकडी दस्ता. हे बी ठेवा, म्हणाल्या, जोडी कायले फोडता. शब्बीर पांढरकवड्याहून ट्रकवर गेला. क्लीनर. बेचाळिसाव्या वर्षी.
क्रमांक २ मिळाला! आभाराचं भाषण सुरू करणार, तोच त्यांनी विचारलं, पाटीवर काय लिवलं? मले वाचता येत नाही.
वाचून दाखवलं. नामशेष म्हणजे संपलेला, असं फोडूनही सांगितलं.
कवा लिवलं व्हतं, म्हणाल्या. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हटलं.
अस्सं. मंग तुमाले पयलेच ठावं व्हतं.
रजिस्टर पुढे केलं. अंगठा दिला नाही. आता यायचं काम नाही राह्यलं, म्हणाल्या, आणि पायरी उतरून गेल्या.

१६ जानेवारी
उपस्थिती : शून्य.

१७ जानेवारी
शून्य. रजिस्टर पहिल्या पानापासून चाळलं. शब्बीरची एक सही सोडली तर सगळे अंगठे एकाच हाताचे.

१८ जानेवारी
दिवसभर दार उघडं ठेवलं. पायरी झाडली. अमिनाबींची गैरहजेरी लावली.