दवंडी दुपारी बाराची

१० नोव्हेंबर, सोमवार
शिपाई झाले! ग्रामपंचायतीची शिपाई, आणि तीही बाईमाणूस — गावात पहिलीच. आईने शेजारीपाजारी गूळ वाटला. नेमणूक सहा महिन्यांची, पुढचं पुढे बघू म्हणे. आई म्हणाली, मोहिनी, आता तरी तोंड सांभाळ. चोवीस वर्षांत जमलं नाही ते आता काय जमणार!

११ नोव्हेंबर
पहिलं काम दवंडीचं. वीस तारखेला ग्रामसभा आहे.

हितेंद्रभाऊंचा निरोप सुनंदावहिनींनी दारात येऊन सांगितला. खरं तर सरपंच वहिनीच. पण खुर्ची त्यांची आणि कारभार त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे भाऊंचा. वहिनी फक्त सही करतात. त्यांना सलग चार शब्द बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकलं — दवंडी उद्या, दुपारी बाराला. दोनदा म्हणाल्या. मग उगीचच जरा उभ्या राहिल्या आणि गेल्या.

दुपारी बाराला! कापूस वेचणी चालू आहे. बाराला गावात असतं कोण? म्हातारी माणसं, कुत्री आणि मी.

जुने शिपाई उखर्डूनाना यांना विचारायला गेले. ते गालात हसले. "दवंडी दिधी अशी व्हवाले पाहिजे," म्हणाले, "ऐकू उनी अशी नको." मग समजावून सांगितलं — दवंडी दिल्याची नोंद हवी, ती ऐकायला कुणी नको. माणसं कमी आली की सभा तहकूब करायची. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कितीही माणसं चालतात. मग चार घरची डोकी, एक किटली चहा आणि सगळे खर्च मंजूर! नाना आयुष्यभर अशाच दवंड्या देत आले.

मला राग आला. स्टँडवरचा बायकांचा संडास दोन वर्षं नुसता 'होणार' आहे. आईला भडगावला जायचं असलं की ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. त्याचे पैसे कुठे गेले, हे विचारायची जागा एकच — ग्रामसभा. आणि तिथे कुणी येऊच नये अशी दवंडी मी द्यायची!

१२ नोव्हेंबर
चूल पेटवताना सुचलं. वेळ सांगितली आहे. जागा कुठे सांगितली आहे?

दिली दवंडी! बरोब्बर बाराला — शेतात!

भोंगा भिकामामांचा आणला होता. ते त्यावर भाजी विकतात. स्कूटी घेऊन गिरणेकाठच्या रस्त्याने गेले, बांधावर उभी राहिले आणि ऐटीत बटण दाबलं. तर भोंग्यातून मामांचाच आवाज — मेथी घ्या मेथी, दहाला जुडी! बंदच होईना! कपाशीतून बायका निघाल्या, कमरेच्या झोळ्यांसकट. सगळ्यांत पुढे आमच्याच मातोश्री. "कितलाले जुडी?" मला बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

आयत्याच जमल्या होत्या. सांगून टाकलं — वीस तारीख, सकाळी अकरा, मारुतीचा पार, ग्रामसभा. संडासाचं काय झालं ते विचारायचं असेल त्यांनी जरूर यावं. शेवटचं वाक्य दवंडीत नव्हतं. तोंड!

पुढच्या शेतांत मेथी मुद्दामच वाजवली.

१४ नोव्हेंबर
भाऊ भेटले. दवंडी दिलीस? दिली. बाराला? बाराला. शाब्बास म्हणाले! ओढणी तोंडात कोंबली म्हणून वाचले. बायकांनी गोष्ट पोटात ठेवलेली दिसते. आमच्या गावात हा चमत्कारच!

१८ नोव्हेंबर
भीती वाटते. नोकरी जाणार. आईला बोलले नाही.

२० नोव्हेंबर
पार भरला! बायका अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आल्या, त्यांच्या मागे पुरुषही आले. भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तहकूब करायला कारणच उरलं नाही.

ग्रामसेवक साहेबांनी खर्च वाचायला घेतला — तोंडातल्या तोंडात, भराभर. स्टँडजवळ महिला शौचालय, काम पूर्ण, बिल अदा. तेवढ्यात द्रौपदाबाई काठी टेकत उठल्या. सत्तरी उलटली असेल.

"पूर्ण व्हयनं का? मंग दखाडा. माले आतेच जानं शे."

साहेब म्हणाले, आजी, सभा संपू द्या. त्यावर त्या म्हणाल्या, सभेला थांबता येतं, मला नाही. आणि चालायलाच लागल्या!

मग सगळी ग्रामसभा उठली. पुढे द्रौपदाबाई, मागे बगलेत फाईल धरलेले साहेब, मग बायका, मग पुरुष, शेवटी भाऊ. स्टँडजवळ गेलो तर मोकळी जागा, एक बाभूळ आणि बाभळीला बांधलेली शेळी. द्रौपदाबाईंनी शेळीलाच विचारलं, आतून कडी लागते का गं? लोक हसून हसून रस्त्यावरच बसले. साहेबही हसले आणि मग एकदम बगलेतली फाईल पाठीमागे लपवली.

परत पारावर येऊन ठराव झाले. उचललेले पैसे वसूल करायचे. संडास महिन्यात उभा करायचा. आणि यापुढे कुठलंही काम असो, गावाने आधी जागेवर चालत जाऊन बघायचं, मगच बिल! वहिनींनी सही केली, नेहमीसारखी, मान खाली घालून. भाऊंचं तिकडे लक्षही नव्हतं.

फार फार आनंद झाला आज.

२१ नोव्हेंबर
भाऊंनी ऑफिसची चावी काढून घेतली. उद्यापासून यायचं नाही म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. आईला सगळं सांगितलं. तिने मेथीची भाजी आणि कळण्याची भाकरी केली. जेवताना शेळी आठवली आणि दोघींना ठसका लागला.

२२ नोव्हेंबर
सुनंदावहिनी आल्या. चावी माझ्या हातावर ठेवली. "तुनी नेमणूक मनी सहीनी शे. सोमवारी ये." उंबऱ्यापर्यंत जाऊन वळल्या आणि हसल्या — वहिनी हसतात!

"त्यास्नी तर दवंडीनी जागाबी सांगी व्हती. देऊळना मांगे, चिंचना खाले. मी तुले नुसती येळ सांगी."